शेतातला जुना डोझर: घेताना, चालवताना आणि सांभाळताना पडणारे प्रश्न

महाराष्ट्रात शेतसपाटीला जुना चेनचा डोझर दिसला, तर तो बहुधा बीईएमएलचा डी-५० असतो. बीईएमएल म्हणजे १९६४ साली बंगळुरूला सुरू झालेली सरकारी कंपनी. जपानच्या कोमात्सुचं तंत्रज्ञान घेऊन तिने कोलार गोल्ड फिल्ड्सच्या कारखान्यात डोझर बनवले. डी-५० चं वजन अकरा-बारा टन आणि ताकद शंभर हॉर्सपॉवरच्या आसपास. मेन क्लच हाताचा, वळवायला दोन लिव्हर, इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाहीच. खालची उत्तरं याच जातीचं मशिन समोर ठेवून लिहिली आहेत. तुमच्याकडे दुसरं मॉडेल असेल तर मापं त्याच्या पुस्तिकेतली धरा.

स्वतःचा डोझर घ्यावा, की तासावर आणावा?

दहा-वीस एकर एकदाच सपाट करायची असेल तर तासावरच आणा. डोझर कामावर असताना तासाला १० ते १५ लिटर डिझेल पितो, पण मालकाचा खिसा डिझेलने रिकामा होत नाही, चेनने होतो. चेनवरच्या मशिनच्या दुरुस्तीतला साधारण निम्मा खर्च खालच्या भागावर, म्हणजे अंडरकॅरेजवर जातो. माळरान मोडून टप्प्याटप्प्याने शेती करायची आहे, दरवर्षी ताली दुरुस्त करायच्या आहेत, वेड्या बाभळीचं रान साफ करायचं आहे आणि शेजारच्या गावांतही काम मिळण्यासारखं आहे, अशा माणसाला स्वतःचं मशिन परवडतं. तेही घरातलं कोणी रोज पाना हातात घ्यायला तयार असेल तर.

जुनं मशिन बघायला गेल्यावर आधी काय तपासायचं?

बोनेट उघडायच्या आधी खाली वाकून चेन बघा. नव्या रंगाकडे लक्ष देऊ नका, विकायच्या आठवड्यात सगळीच मशिनं पिवळीधमक होतात.

स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ओढणाऱ्या मागच्या चाकाचे, दात टोकदार झाले असतील किंवा एका बाजूला झुकले असतील तर बुश, म्हणजे चेनच्या पिनांवरच्या नळ्या, खाल्ले गेले आहेत. आयडलर, म्हणजे चेनचं पुढचं चाक, अगदी पुढच्या टोकाला आला असेल तर चेन ताणायला आता जागाच उरलेली नाही. पण एवढ्यावर थांबू नका. चेन फार वाढली की एक कडी काढून ती आखूड करतात आणि आयडलर पुन्हा मागे दिसतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे दोन्ही बाजूंच्या शू प्लेटा, म्हणजे चेनच्या जमिनीवर टेकणाऱ्या पट्ट्या, मोजा. आकडा सारखा आला पाहिजे आणि तो पुस्तिकेतल्या आकड्याशीही जुळला पाहिजे, कारण कधी कधी दोन्हीकडची कडी काढलेली असते.

मग रोलर, म्हणजे चेनला लागून फिरणारी लहान चाकं. मशिन दहा-वीस फूट चालवायला सांगा आणि बाजूला उभं राहून प्रत्येक रोलर फिरतोय का बघा. वरचा कॅरिअर रोलर जाम असेल तर चेन त्याच्यावरून घासत जाते आणि तो एका अंगाने चपटा होतो. रोलरच्या टोकाला ओलं तेल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर सील गेलं. रोलर वेल्डिंगने भरून घेणं आपल्याकडे सर्रास चालतं. चांगल्या कारागिराने भरलेला रोलर बराच टिकतो, पण भाव करताना तो नवा म्हणून धरू नका.

फायनल ड्राइव्हच्या, म्हणजे स्प्रॉकेट फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरपेटीच्या, खाली हात फिरवून बघा. तिथे तेल गळत असेल तर फ्लोटिंग सील गेलं आहे. सील महाग नसतं, पण तिथवर पोचायला चेन सोडून स्प्रॉकेट काढावं लागतं. ड्रेन प्लग थोडा सैल करून पहिलं तेल बोटावर घ्या. लोखंडाचा चुरा बोटाला टोचला तर सौदा तिथेच थांबवा.

तासमीटरवर विश्वास ठेवावा का?

नाही. वीस-तीस वर्षांच्या मशिनवर तो बंद पडलेला असतो किंवा बदललेला. त्यापेक्षा ब्रेक पेडलची झिज, लिव्हरच्या पिनांचा ढिलेपणा आणि ब्लेडचे दांडे जिथे मशिनला जोडतात त्या ट्रनिअनमधला खेळ बघा. ब्लेड उचलून थोडं हलवलं की फूटभर डुलत असेल तर मीटर काहीही सांगो, मशिनने खूप माती ढकलली आहे.

इंजिन आणि क्लच कसे पारखायचे?

मालकाला आधीच सांगून ठेवा की तुम्ही पोचेपर्यंत मशिन सुरू करायचं नाही. गार इंजिन किती फेऱ्यांत सुरू होतं, यातून पुष्कळ कळतं. सुरुवातीचा पांढरा धूर दोन-चार मिनिटांत गेला तर चिंता नाही. गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर कॉम्प्रेशन किंवा नोझलची शंका घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. भाराखाली थोडा काळा धूर चालतो, सतत काळा असेल तर आधी एअर फिल्टर बघा आणि मग पंप-नोझल. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीतून फसफस वाफ येत असेल तर लायनर-पिस्टनचं काम जवळ आलंय. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय.

आता ढिगाला ब्लेड लावून पहिल्या गिअरमध्ये ढकला. इंजिनाचा आवाज दबला पाहिजे, किंवा चेन जागेवर फिरायला लागली पाहिजे. इंजिन मजेत फिरतंय आणि चेन उभी आहे, असं झालं तर मेन क्लच घसरतोय. मोकळ्या जागेत दोन्ही लिव्हर आलटून पालटून ओढा. एका बाजूला सहज वळतं आणि दुसऱ्या बाजूला हट्ट करतं, तर त्या बाजूच्या स्टिअरिंग क्लचचा किंवा ब्रेकचा खर्च किमतीतून वजा करा.

सरकारी लिलावातलं मशिन कसं असतं?

सरकारी खात्यांची आणि कंपन्यांची निकामी यंत्रं एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतात. त्यात चांगली मशिनंही असतात. पण बरीच वर्षानुवर्षं उघड्यावर उभी असतात आणि पंप, स्टार्टर, रेडिएटर असे सुटे भाग आधीच कुठेतरी गेलेले असतात. प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय बोली लावू नका. इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर कागदाशी पडताळून घ्या, आणि ताबा घेतल्याचे कागद जपून ठेवा. पुढे विकायचं झालं तर मालकीचा तोच पुरावा.

रोज सकाळी काय करायचं?

सपाट जागी उभ्या मशिनचं ऑइल, रेडिएटरचं पाणी आणि हायड्रॉलिक ऑइल बघायचं. डिझेल टाकी आणि वॉटर सेपरेटरच्या तळाचं पाणी थेंबभर स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडायचं. मशिनभोवती एक फेरी मारून खाली जमिनीवर नवे डाग पडलेत का पाहायचं. शू प्लेटांचे बोल्ट हातोडीने वाजवून बघा, सैल बोल्ट बद्द वाजतो. पुस्तिकेत रोजचे म्हणून दिलेले ग्रीस निप्पल जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. सुरू केल्यावर ऑइल प्रेशर येईपर्यंत रेस द्यायची नाही, आणि पाच-दहा मिनिटं गरम झाल्याशिवाय ब्लेड मातीत घालायचं नाही.

डिझेल टाकी संध्याकाळीच भरून ठेवा. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने बाष्प धरतं आणि तेच पाणी पंपाकडे जातं.

बॅटरी उतरली तर स्टार्टरला स्क्रू ड्रायव्हर लावून सुरू केलं तर चालतं का?

कधीही नाही. हे उत्तर ऑपरेटरला, हेल्परला आणि घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. खाली चेनजवळ उभं राहून स्टार्टरचे टोक जोडले आणि मशिन गिअरमध्ये राहिलं असेल, तर अकरा टनांचं लोखंड त्याच क्षणी चालू लागतं आणि समोर तुम्ही असता. सुरू करायचं ते सीटवर बसून, गिअर न्यूट्रलला आणि मेन क्लच सोडलेला ठेवून. यात २४ व्होल्टसाठी १२ च्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात. एकच बदलली तर जुनी नवीलाही ओढते, म्हणून जोडी बदला. थंडीत इनटेकपाशी पेटता बोळा धरायची सवयही सोडा. सुरू व्हायला त्रास होत असेल तर कारण बॅटरीत, डिझेलच्या नळीत शिरलेल्या हवेत किंवा कॉम्प्रेशनमध्ये आहे, तिथे दुरुस्ती करा.

डिझेल संपून बंद पडलं असेल तर हवा काढावी लागते. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबले की घट्ट करा, मग पंपावरचा स्क्रू.

चेन किती ताणलेली असावी?

सगळ्यात जास्त पैसा याच एका सवयीवर वाचतो, म्हणून सविस्तर सांगतो.

सपाट जागी मशिन थोडं पुढे न्या आणि ब्रेक न दाबता आपोआप थांबू द्या. पुढचा आयडलर आणि कॅरिअर रोलर यांच्या वरच्या चेनवर एक सरळ पट्टी ठेवा. मधोमध पट्टी आणि शूच्या उंच कडेतलं अंतर साधारण २० ते ३० मिलिमीटर असावं. जास्त असेल तर ॲडजस्टरच्या निप्पलमध्ये ग्रीस भरा, आयडलर पुढे सरकतो. कमी असेल तर प्लग सैल करून ग्रीस सोडा, पण एका आट्यापेक्षा जास्त सोडू नका आणि तोंड-हात प्लगसमोर ठेवू नका. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं, ते कातडी फाडून आत घुसतं.

बऱ्याच जणांना घट्ट चेन म्हणजे चांगली चेन वाटते. खरं तर घट्ट चेनमध्ये पिन, बुश आणि स्प्रॉकेट जास्त वेगाने खाल्ले जातात, आणि इंजिनाची ताकद चेन ओढण्यातच जाते. सैल चेन वळताना उतरते, हाही धोका आहेच. ताण नेहमी कामाच्या जागी, कामातल्या मातीसकट तपासा. काळ्या मातीत स्प्रॉकेटभोवती गाळ भरतो आणि धुतलेल्या मशिनवर बरोबर वाटलेली चेन दुपारपर्यंत तारेसारखी ताणते. हा गाळ त्याच संध्याकाळी फावड्याने काढायचा. रात्रभर राहिला तर सकाळी दगड होतो आणि रोलर त्यात अडकून घासतात.

चालवण्याच्या पद्धतीचाही मोठा वाटा आहे. रिव्हर्समध्ये बुश आणि स्प्रॉकेट पुढे जाण्यापेक्षा जास्त झिजतात, म्हणून मागे येताना वेगाचा मोह नको. एकाच बाजूला वळत राहिलात तर एक चेन आधी जाते. मुरमात आणि खडकात जागेवर गरगर फिरवणं टाळा. बुश एका बाजूने झिजले की पिन-बुश १८० अंशांत फिरवून घेता येतात आणि चेनला दुसरं आयुष्य मिळतं, पण बुश फुटायच्या आत. उशीर झाला की सगळा संच नवा घ्यावा लागतो.

आणि एक गोष्ट शेतात कधीच उघडायची नाही, ती म्हणजे आयडलरमागची रिकॉइल स्प्रिंग. ती कित्येक टनांच्या दाबाने आवळलेली असते. तिचं काम प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्येच.

तेल किती तासांनी बदलायचं?

इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर २५० तासांनी. फायनल ड्राइव्ह, गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑइल साधारण १००० तासांनी, मधे पातळी बघत राहायची. शेतावरचं मशिन वर्षाला तेवढं चालतच नाही, म्हणून इंजिन ऑइल वर्षातून एकदा तरी बदलाच. मेन क्लच तेलात चालणारा असेल तर त्यात पुस्तिकेतलंच तेल घाला. हाताला लागेल ते ओतलं तर प्लेटा घसरतात. जुनं तेल पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नका, कॅनमध्ये भरून जुनं तेल घेणाऱ्याला द्या.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी चालेल का?

चालत नाही. मराठवाडा-विदर्भातल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की नळ्यांच्या आत थर बसतो आणि एप्रिल-मे मध्ये इंजिन तापायला लागतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घाला. बाहेरून जाळीत भुसा आणि धूळ अडकते, ती फॅनच्या बाजूने बाहेर अशी हवेने किंवा पाण्याच्या हलक्या धारेने काढा. तापलेलं झाकण उघडू नका. फॅन बेल्टही बघा.

एअर फिल्टर?

धुळीत काम असेल तर रोज. कोरडा फिल्टर आपटून साफ करायचा नाही, त्याचा कागद फाटतो. आतून बाहेर हलकी हवा मारा आणि ठरावीक वेळा झाल्या की नवा घाला. ऑइल बाथचा असेल तर वाटीतला चिखल काढून ताजं ऑइल खुणेपर्यंत भरा. फिल्टरनंतरची होज चिरलेली असेल तर फिल्टर असून नसल्यासारखा, आणि लायनर एका हंगामात जातात.

उतारावर मशिन उलट्या दिशेला का वळतं?

नव्या ऑपरेटरला हे आधी माहीत नसेल तर जीवावर बेततं. सपाटीवर डावा लिव्हर ओढला की डाव्या चेनची ताकद तुटते, उजवी ढकलते, मशिन डावीकडे वळतं. उतरताना मशिन स्वतःच्या वजनाने खाली जात असतं आणि इंजिन त्याला धरून ठेवतं. आता डावा लिव्हर ओढला तर डावी चेन मोकळी सुटून पळते, उजवी इंजिनाच्या धाकात राहते आणि मशिन उजवीकडे वळतं. लिव्हरबरोबर त्या बाजूचा ब्रेक लागला तरच वळण हवं तिकडे होतं. म्हणून उतरण्याआधी खालचा गिअर टाका, शक्य तितकं सरळ उतरा, ब्लेड जमिनीलगत ठेवा. उतारावर मेन क्लच सोडायचा नाही आणि न्यूट्रल करायचं नाही.

आडव्या उतारावर चालवणं टाळा, काम वर-खाली करा. कच्च्या विहिरीच्या काठापासून, माती-मुरमाचा थर जितका खोल असेल तितकं तरी अंतर ठेवा. काठ वरून भक्कम दिसतो आणि आतून पोखरलेला असतो. वरच्या विजेच्या तारा आणि खालची पाइपलाइन काम सुरू व्हायच्या आधी दाखवून द्या. बाजूला कोणाला बसवून न्यायचं नाही. मशिनवरून खाली उतरताना ब्लेड जमिनीला टेकवून, इंजिन बंद करूनच उतरायचं. वर उचललेल्या ब्लेडखाली काम असेल तर नुसत्या हायड्रॉलिकवर भरवसा नको, खाली ठोकळे द्या.

सपाटीकरणानंतर दोन-तीन वर्षं पीक का येत नाही?

कारण वरची माती खाली गेली आणि खालचा मुरूम वर आला. हे मशिनचं नाही, कामाच्या क्रमाचं पाप आहे, आणि ते टाळता येतं. जमीन शेकडो वर्षांत तयार होते. डोझर एका दिवसात ती गाडून टाकू शकतो, म्हणून मला हा प्रश्न इंजिनापेक्षा मोठा वाटतो.

आधी शेतात पाच-सहा ठिकाणी खड्डे घेऊन माती किती खोल आहे ते बघा. दीड फूट माती असेल तर तीन फूट कापायचा हट्ट सोडा. एकच मोठं सपाट रान करण्यापेक्षा उताराला आडवे लहान टप्पे पाडा. मग पट्ट्यांनी काम करा. पहिल्या पट्ट्यातली वरची अर्धा-पाऊण फूट माती काढून कडेला ढीग करा आणि तो पट्टा सपाट करा. दुसऱ्या पट्ट्यातली वरची माती पहिल्या सपाट पट्ट्यावर पसरा, तिसऱ्यातली दुसऱ्यावर. शेवटच्या पट्ट्यावर सुरुवातीचा ढीग. तास थोडे जास्त लागतात आणि तासावर काम करणारे कंटाळा करतात, म्हणून काम चालू असताना स्वतः उभे राहा.

चुनखडीचा पांढरा थर वर आला तर ऊस, भुईमूग पिवळे पडतात. चुनखडीमुळे लोह मुळांना मिळत नाही, यालाच केवडा म्हणतात. तिथे शेणखत भरपूर घाला आणि पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या आधी गाडा. भरावाची बाजू एक-दोन पावसाळ्यांत खाली बसते, म्हणून ती थोडी उंच ठेवा.

काम कोणत्या महिन्यात करावं?

रब्बी निघाल्यापासून रोहिणी नक्षत्रापर्यंत. ओल्या काळ्या रानात डोझर घालू नका. चेनमुळे मशिनचं वजन पसरतं, दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आसपासच दाब पडतो, तरी ओली माती शूखाली मळली जाऊन तव्यासारखी होते. काम झाल्यावर खोल नांगरट करा किंवा खालचा कडक थर फोडणारा सबसॉइलर फिरवा.

शेततळ्याचा बांध डोझरने दाबला जातो का?

पुरेसा नाही, आणि कारण वरचंच, चेनवर वजन पसरलेलं असतं. माती सहा-सहा इंचांच्या थरांत पसरायला डोझर उत्तम. दाबायला पाणी मारून रोलर किंवा भरलेली ट्रॉली फिरवा.

परवानगी लागते का?

आपल्या शेतातली माती आपल्याच शेतात हलवणं आणि माती-मुरूम बाहेर नेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेर नेलं की ते गौण खनिज होतं. त्याला महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियम, २०१३ लागू होतात, आणि विनापरवाना उत्खननाला जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ खाली दंड आहे. मोठं काम असेल तर आधी तहसील कार्यालयात विचारून घ्या. सामाईक बांधाजवळ काम करायचं असेल तर आधी मोजणी करून घ्या. डोझरने मोडलेला बांध भाऊबंदकीत पिढ्यान्‌पिढ्या निस्तरत नाही. दुसऱ्या गावाला मशिन न्यायचं तर लो-बेड ट्रेलरवरूनच, लोखंडी चेनने डांबरी रस्ता उखडतो.

ब्लेडची धार कधी बदलायची?

कटिंग एज बहुधा उलटी करून लावता येते. एक बाजू संपत आली की लगेच फिरवा. मूळ ब्लेड मातीला घासायला लागलं तर ते भरून घेण्यात नव्या एजच्या कित्येक पट पैसे जातात.

पावसाळ्यात चार महिने उभं राहणार असेल तर?

धुऊन, वाळवून, उंच जागी फळ्यांवर उभं करा, म्हणजे चेन चिखलात रुतून गंजणार नाही. ब्लेड फळीवर टेकवा. ऑइल बदलूनच ठेवा, जुन्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंग खातं. टाकी काठोकाठ भरा. सिलिंडरच्या उघड्या चकचकीत रॉडला ग्रीस फासा. सायलेन्सरच्या तोंडावर डबा घाला. बॅटऱ्या काढून घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. पंधरा दिवसांनी एकदा सुरू करून मशिन पुढे-मागे हलवा आणि लिव्हर, क्लच, ब्लेड सगळं चालवा. नुसतं इंजिन सुरू करून बंद केलं तर स्टिअरिंग क्लचच्या प्लेटा तशाच चिकटून राहतात. सुरू करण्याआधी डबा काढायला विसरू नका, आणि बोनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघा.